कोरडा दिवस आणि शकीलाभाबीची अकरा भांडी

शेगाव स्टेशनावर उतरल्याबरोबर कचोरी खावी असा अलिखित नियम आहे, आणि मी नियम पाळणारी बाई आहे. पुण्यात बत्तीस वर्षं डासांच्या मागे लागणाऱ्या खात्यात नोकरी केली ती नियम पाळून आणि लोकांना पाळायला लावून. तेव्हा सकाळी सात वाजता, पुरतं जागं व्हायच्या आत, मी दोन कचोऱ्या उभ्याउभ्या खाल्ल्या. सोबतची तळलेली मिरची पुणेरी सावधपणाने कडेला ठेवली, तर कचोरीवाला म्हणाला, "मिरची काऊन सोडली मावशी? ते त आमी फुकटच देतो." फुकट म्हटल्यावर खाल्ली. पुढचा अर्धा तास मी कोणाशीही बोलले नाही.

मला बोलावलं होतं डॉक्टर इंगळ्यांनी. हा मुलगा एकेकाळी आमच्या खात्यात शिकाऊ म्हणून होता, आता संग्रामपूर तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रावर डॉक्टर आहे. त्याच्या हद्दीतल्या एका गावात डेंगीची साथ आली होती. फोनवर म्हणाला, "मॅडम, औषध थोडं, मच्छरदाण्या थोड्या, माणसं त्याहून थोडी. कुठून सुरुवात करायची, कोणाला आधी द्यायचं, याचा आराखडा करून द्या. मोठ्यांच्या गल्लीत फवारलं आणि आमच्यात नाही, असं कोणी म्हणायला नको." निवृत्त बाईला असा फोन आला की तिच्या अंगात वारं शिरतं. मी दोन दिवसांत आराखडा लिहून त्याला पाठवूनही दिला. गाव न पाहता. हे आता लिहिताना लाज वाटते, तेव्हा वाटली नव्हती.

शेगावहून वरवट बकालची एसटी पकडली. पूर्णेचा पूल ओलांडला की दोन्ही बाजूंना काळी माती सुरू होते. ऑक्टोबरचं ऊन तापलेलं होतं आणि कपाशीची बोंडं फुटून शेतं पांढरी झाली होती. समोर, उत्तरेला, सातपुड्याची निळी रेघ. विहिरी भरलेल्या दिसत होत्या, म्हणून मी शेजारच्या बाईला म्हटलं, "पाणी चांगलं आहे की इकडे!" तिने माझ्याकडे कीव येऊन पाहिलं. "पानी हाय, पन खारं हाय. पेलं तर किडनी जाते." हा सगळा खारपाणपट्टा (जमिनीखाली खारं पाणी असलेला पूर्णेकाठचा भाग). प्यायचं गोडं पाणी नळाने येतं, लांबून. मग तिने चौकशी केली, "कोनाच्या घरी चालल्या?"

"दवाखान्यात."

"बिमार हाय का?"

"नाही, दुसऱ्यांच्या बिमारीसाठी."

"मंग लय दुरून आल्या," ती म्हणाली आणि माझ्या मांडीवर दोन संत्री ठेवली.

वरवट बकालच्या पुढे जे गाव आहे त्याचं नाव मी लिहिणार नाही. गावकऱ्यांनीच सांगितलंय, चांगलं लिहाल तर नाव टाका, नाही तर राहू द्या. आणि मला ते अजून ठरवता आलेलं नाही. फाट्यावर मला घ्यायला सुनंदाताई आल्या होत्या. त्या गावच्या आशाताई. घरोघर फिरून ताप मोजणं, गरोदर बायांना दवाखान्यात नेणं, गोळ्या वाटणं, सगळं त्यांच्याच डोक्यावर. स्कूटीवर मागे बसते न बसते तोच त्यांनी बातमी दिली, "मॅडम, तुमचा कोरडा दिवस काल झाला. लय गंमत झाली."

कोरडा दिवस हे माझं लाडकं शस्त्र. डेंगीचा डास साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो, म्हणून आठवड्यातून एक दिवस घरातली सगळी भांडी रिकामी करून, घासून, कोरडी ठेवायची. माझ्या आराखड्याचं पहिलं कलम तेच होतं आणि डॉक्टरांनी ते ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून जाहीर केलं होतं: शनिवारी कोरडा दिवस पाळावा.

गावाने तो पाळला. पुरुषांना वाटलं, दारूचं दुकान बंद राहणार. तिघाचौघांनी शुक्रवारीच दोन दिवसांची सोय करून ठेवली. म्हाताऱ्या बायांना वाटलं, निर्जळी उपास आहे. शनिवार मारुतीचा, त्यात साथ आलेली, म्हणून सात-आठ जणींनी दिवसभर पाण्याचा थेंब घेतला नाही आणि एकीला संध्याकाळी चक्कर आली. आणि टोकावरच्या पिंजाऱ्यांच्या गल्लीतून शकीलाभाबींनी सुनंदाताईंना गाठून विचारलं होतं, "सुनंदाबाई, आमचा रोजा मगरिबले (सूर्यास्ताच्या नमाजाला) सुटते. हा सरकारी रोजा कव्हा सोडाचा?"

घरातलं एकही भांडं मात्र कोरडं झालं नव्हतं. मी स्कूटीवर इतकी हसले की ताईंनी गाडी थांबवली. पण हसू ओसरल्यावर मला राग आला, आणि मनात म्हटलं, शब्दच कळला नाही ना, मग करून दाखवू.

चहा पिऊन आम्ही पाहणीला निघालो. सुरुवात बाबाराव पाटलांकडून. गावात नळाची पाइप शिरते ती त्यांच्या दारावरून, आणि जमीनही सगळ्यांत जास्त त्यांचीच. मोठं अंगण, उंच आवाज, तितकाच उंच लाल फेटा. "आमच्याकडं काय पाह्यता? टोकावर जा. बिमाऱ्या तिकडंच हायेत, घाणही तिकडंच," ते म्हणाले. ताप खरोखर टोकावर जास्त होता. तरी मी त्यांच्या बैलांच्या हौदात बॅटरीचा झोत टाकला, तर आत अळ्यांची जत्रा भरलेली!

"हे बैलाचं पानी हाय," पाटील म्हणाले.

"डासाला ते कोणी सांगितलं नाही वाटतं."

पाटील गुरगुरले, पण गडी बोलावून हौद तिथल्या तिथे रिकामा केला आणि घासून घेतला. परत भरायला त्यांची स्वतःची बोअर होती, खाऱ्या पाण्याची. बैलांना ते चालत होतं. मी वहीत बरोबरची खूण केली आणि मोठ्या रुबाबात टोकाकडे निघाले.

टोक म्हणजे नळाची पाइप जिथे संपते ती वस्ती. गावात तिला दुसरं नावच नाही. तिथे गाद्या भरणारे पिंजारी राहतात, मजुरी करणारी घरं आहेत आणि त्यांतच एक घर सुनंदाताईंचं. शकीलाभाबींच्या अंगणात पिंजलेल्या कापसाचा ढीग होता आणि भिंतीला लागून अकरा भांडी: दोन निळे ड्रम, एक रांजण, बाकी घागरी, कळशा आणि तेलाचा एक डबा. आतल्या खोलीत त्यांची लेक नाझिया बाळंत झालेली, नऊ दिवसांचं बाळ. शेजारच्या घरात दोघांना ताप होता आणि त्यातल्या एकीला खामगावला भरती केलेलं. म्हणजे पलीकडच्या भिंतीशी डेंगी आणि अलीकडे ओली बाळंतीण. मी झाकण उचललं. पहिल्या ड्रममध्ये अळ्या वळवळत होत्या.

"हे पाहा," मी जमलेल्या बायांना म्हटलं, "कोरडा दिवस म्हणजे उपास नव्हे. कोरडा दिवस म्हणजे हे." आणि ड्रमचा काठ धरून, बत्तीस वर्षांच्या सरावाने, तो आडवा केला.

पाणी अंगणभर पसरलं. कापसाच्या ढिगाखालून वाहत गटारात गेलं. एक कोंबडी आली आणि प्यायला लागली. कोणी काही बोललं नाही, त्यावरून मला कळलं की काहीतरी भयंकर चुकलंय. शकीलाभाबी शांतपणे उठल्या आणि दुसऱ्या ड्रमच्या झाकणावर जाऊन बसल्या.

"आता याले हात लावा," त्या म्हणाल्या. "मॅडम, ते नऊ दिवसाचं पानी होतं. आता पुढचं पानी कव्हा येते, हे अल्लाले मालूम नाही त किसनाले."

किसना म्हणजे गावाचा पाणी सोडणारा माणूस. ताईंनी मला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. नळ नऊ दिवसांनी येतो. कधी बारा दिवसांनी. आला की आधी पाटलांची गल्ली भरते, मग मधली, आणि टोकाला पोचेपर्यंत दाब संपतो. कधी चार घागरी मिळतात, कधी नळ नुसताच सुस्कारे टाकतो. म्हणून टोकावरची माणसं मिळेल ते पाणी मिळेल त्या भांड्यात साठवतात आणि शेवटच्या थेंबापर्यंत सोडत नाहीत. डास तिथे होणार नाही तर कुठे होणार?

"बोअरचं खारं पानी पाजू का जच्चेले?" शकीलाभाबींनी ड्रमवरूनच विचारलं. जच्चा म्हणजे बाळंतीण.

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण धरणी दुभंगत नाही, पाणीच भरावं लागतं. सुनंदाताईंनी युक्ती काढली: घरागणिक एक कळशी मागायची. पुण्याच्या बाईने पाणी सांडलंय, एवढं सांगितलं की लोक पाहायला म्हणून तरी कळशी घेऊन बाहेर यायचे. मधल्या गल्लीने दिलं. पाटलांच्या बायकोने दोन घागरी दिल्या, वर म्हणाली, "आमच्या माणसाले सांगू नका." दुपारपर्यंत मी कळशा वाहत होते. ड्रम पाऊण भरला आणि माझी कंबर पूर्ण भरून आली.

मग शकीलाभाबींनी मला जेवायला बसवलं. कळण्याची भाकर (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली), वांग्याचं भरीत, वर कच्चं तेल आणि ठेचा. मी संकोचून नको म्हणत होते, तर त्या म्हणाल्या, "खा न. पानी सांडलं म्हनून भाकर थोडी सांडाची." असं भरीत मी आयुष्यात खाल्लेलं नाही. त्या घासाला मला रडू आलं, ते मी ठेच्यावर ढकललं.

जेवताना त्यांनी मला एक गोष्ट दाखवली. ओढणीची चौपदरी घडी घागरीच्या तोंडावर ताणली आणि दुसऱ्या कळशीतलं पाणी वरून ओतलं. अळ्या कापडावर वळवळत राहिल्या, त्या त्यांनी तापलेल्या फरशीवर झटकल्या. "आमाले काय अया दिसत नाही का? गायून घेतो आमी." (अळ्या दिसत नाहीत का, गाळून घेतो आम्ही.) "पन ड्रम घासाचा त रिकामा पाह्यजे. कव्हा रिकामा करू? पानी कोनत्या दिवशी येते हे पक्कं सांगा, त्याच्या आधी करतो न घासून."

माझा बारा पानी आराखडा त्या एका वाक्यापुढे रद्दी झाला. अंडी भांड्याच्या काठाला चिकटलेली असतात, म्हणून घासणं महत्त्वाचं, आणि नवव्या दिवशी भांडी तशीही रिकामीच होत आलेली असतात. वार शनिवार नको होता, नळाचा हवा होता. आणि तो दिवस पक्का हवा होता, टोकावरसुद्धा. खरं तर टोकावर आधी.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रामपंचायतीत बैठक बसली. डॉक्टर इंगळे आले, पाटील आले, किसना दाराशी उकिडवा बसला आणि टोकावरच्या बाया भिंतीला टेकून ओळीने बसल्या. मच्छरदाण्यांचा निकाल लवकर लागला: आधी बाळंतिणी, गरोदर बाया आणि तापकरी, मग बाकीचे. त्याला कोणी हरकत घेतली नाही. मग डॉक्टरांनी उत्साहाने मुख्य मुद्दा मांडला, "आता शनिवार नाही. प्रत्येकीने आपल्या पाळीच्या दिवशी भांडी घासायची."

बायांमध्ये खसखस पिकली. एकीने पदर तोंडात घातला. मागून कोणीतरी म्हणालं, "डॉक्टरसाहेब, त्या दिवशी त आराम राह्यते!" डॉक्टर कानापर्यंत लाल झाले. नळाची पाळी, नळाची, असं ते सांगत राहिले, पण पुढची पाच मिनिटं बैठक काही कामाची उरली नाही. कोरड्या दिवसाची जागा घेणारा शब्द तिथेच मेला. त्यानंतर आम्ही कशालाच नाव दिलं नाही.

"नळ टोकापासून सोडायचा," मी शेवटी म्हटलं, "आणि दिवस ठरवून."

पाटील उसळले. "टोकापासून काऊन? नळ आमच्या दारातून जाते. माणूस तोंडानं जेवते का पायानं?"

"दारचा वॉल बंद केला त पुढं जाते, भाऊ," दाराशी बसलेला किसना जमिनीकडे पाहत म्हणाला. "मी बंद करत नाही, काऊन की तुमी रागावता." (वॉल म्हणजे पाइपची झडप.)

एवढं धाडस किसनाने आयुष्यात पहिल्यांदा केलं असावं. पाटलांचा चेहरा फेट्याच्या रंगाचा झाला. तेवढ्यात शकीलाभाबी बोलल्या, अगदी साध्या आवाजात. "पाटीलभाऊ, तुमच्या हौदातला मच्छर माह्या लेकीच्या खाटेपर्यंत आला असंल, त त्याले रस्त्यात कोनी वॉल लावला होता का?"

आधी डॉक्टर हसले, मग पाटलांचा धाकटा भाऊ, मग सगळे. पाटील बराच वेळ मिशीवरून हात फिरवत बसले. "एका खेपेपुरतं," ते म्हणाले. "जमलं नाही त पुन्हा जुनं. अन् मी काही नळाचा भुकेला नाही, सांगून ठेवतो." किसनाने दिवस दिला: गुरुवार, सकाळी आठ.

मी गुरुवारपर्यंत थांबले. मधले दोन दिवस ताईंबरोबर घरं फिरले, वरवट बकालच्या बाजारातून घासायला काथ्याच्या जुड्या आणल्या आणि चार ठिकाणी चहा नको म्हणून चार ठिकाणी प्यायले. रोज कोणी ना कोणी विचारायचं, "पानी सांडनाऱ्या मॅडम त्या तुमीच का?" मी हो म्हणायचे. नाव पडलं ते पडलंच.

गुरुवारी सातलाच टोक कामाला लागलं. बाया उरलंसुरलं पाणी गाळून घेत होत्या, ड्रम आडवे पाडून आत वाकून काथ्याने घासत होत्या, आणि ड्रमच्या पोटातून त्यांची गाणी घुमत बाहेर येत होती. शकीलाभाबींनी लेकीसाठी एक कळशी गाळून आत नेऊन ठेवली. बाकीची दहा भांडी घासून उन्हात पालथी घातली. ती ओळ मला फार सुंदर दिसली, आणि तिची फार भीतीही वाटली.

आठ वाजले. सव्वाआठ. साडेआठ. नळ मुका. गाणी थांबली. बाया माझ्याकडे नाही, सुनंदाताईंकडे पाहत होत्या. ताई हळूच मला म्हणाल्या, "आज पानी नाही आलं त मले या गल्लीत तोंड दाखवता येनार नाही, मॅडम. माह्या शब्दावर त्याहीनं भांडे रिकामे केले. तुमी त पुण्याले जाल."

आम्ही दोघी वॉलकडे पळालो. वाटेत मी पाटलांना मनात जेवढ्या शिव्या येतात तेवढ्या दिल्या, आणि पुणेरी शिव्या कमी पडल्या तेव्हा चार दिवसांत शिकलेल्या वऱ्हाडी वापरल्या. माझी खात्री होती की म्हाताऱ्याने शब्द फिरवला.

पाटील तिथेच होते. धोतर खोचून, फेटा काढून खड्ड्याच्या काठावर ठेवून, मांडीपर्यंत खड्ड्यात उतरलेले. वॉलच्या चाकात लोखंडी पहार घालून ते आणि किसना जिवाच्या करारावर रेटत होते. "लय वर्सांत कोनी बंदच केला नाही," पाटील धापा टाकत म्हणाले, "मंग अडकन नाही त काय! पाह्यता काय बाई, लावा हात!" मी खड्ड्यात उतरले. ताई उतरल्या. चौघांनी मिळून रेटलं तेव्हा चाक करकरलं, एक वेढा फिरलं, मग दुसरा. पाइपमधून पाणी पुढे जाण्याचा घरघराट ऐकू आला. मी पाटलांची मनातल्या सगळ्या शिव्यांसाठी मनातच माफी मागितली. उघड मागायची तर शिव्याही सांगाव्या लागल्या असत्या.

टोकावरून आरडाओरडा ऐकू आला तो आनंदाचा. आम्ही पोचलो तेव्हा शकीलाभाबींचा नळ आधी फुसफुसला, मग गढूळ थुंकला, मग स्वच्छ, जाड धार धरून बसला. त्यांनी पहिली घागर लावली. दुसरी लावली. तिसरीच्या वेळी माझ्या हाताकडे लक्ष गेलं तर ओरडल्या, "गंजाचे हात घेऊन काऊन उभ्या राह्यल्या? धुवा आधी!" मी नळाखाली हात धरायला कचरले. त्यांनी माझं मनगट धरून धारेखाली ओढलं. आतून नाझिया बाळाला घेऊन दारात येऊन उभी राहिली होती, नव्या मच्छरदाणीची दोरी बांधायला कोणी रिकामं आहे का ते पाहत. ती मी बांधली.

दुपारच्या एसटीने निघाले. पाटील फाट्यापर्यंत आले आणि कमरेला लावायचं तेल देऊन गेले, कारण कंबर त्यांचीही धरली होती.

पुण्याला येऊन महिना झाला. सुनंदाताईंचा फोन येतो. साथ एका नळाने जात नाही, आणि तशी गेली असं मी लिहिणार नाही. आणखी दोघांना ताप आला, दोघेही मधल्या गल्लीतले, बरे झाले. शेजारची खामगावहून घरी आली. नाझिया आणि बाळ ठणठणीत आहेत. पुढच्या खेपेला पाटील कुरकुरले, तरी वॉल बंद राहिला आणि टोकाची भांडी घासली गेली.

मी मात्र अलीकडे जुन्या वह्यांचा विचार करते. बत्तीस वर्षं मी शहरातल्या वस्त्यांमधून भांडी रिकामी करा म्हणत फिरले. ती पुन्हा कधी भरतील, हे एकाही दारात विचारलं नाही. अशा कितीतरी बाया ड्रमपुढे गप्प उभ्या राहिल्या असतील, आणि त्यांच्या नावापुढे मी माझ्या नीटनेटक्या अक्षरात लिहिलं असेल: सहकार्य नाही.